आबांचा ब्लॉक कुठाय?

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅबमधलं लोखंडी कपाट, ड्रॉवरमध्ये ओळीनं लावलेले ब्लॉक)

ही प्लास्टिकची छोटी चौकट दिसतीय ना, हिच्यात मेण आहे आणि मेणात प्रोस्टेटचा, म्हंजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, एक बारीक तुकडा. लॅबवाले याला ब्लॉक म्हणतात. बायोप्सी झालेल्या माणसाचा असा ब्लॉक कुठल्यातरी कपाटात पडून असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो, कारण हातात मिळतो तो रिपोर्टचा कागद, तो फाईलीला लावला की झालं.

आबा करवीर तालुक्यातले. ऊस, दोन म्हशी, वय सत्तरीच्या पुढं. नाव सांगायचं न्हाई असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, म्हणून नुसतं आबा. लघवीला त्रास व्हायला लागला म्हणून दाखवलं तर पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात बघतात तो आकडा) खूप वाढलेला, मग बायोप्सी, त्यात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, मग स्कॅन, आणि स्कॅनमध्ये कळलं की आजार मणक्यात आणि खुब्यात पोचलाय. टेस्टोस्टेरॉन बंद पाडणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, जोडीला अबिराटेरॉनच्या गोळ्या, त्याही तेच हार्मोन दाबणाऱ्या. पीएसए असा खाली आला की आबा परत गुऱ्हाळावर जाऊन बसायला लागले. मग काही काळानं तो परत चढायला लागला, इंजेक्शन चालू असून.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जेनेटिक टेस्ट करूया.

आबांचं म्हणणं सरळ होतं, "आता या वयात कशाला टेस्ट आन् फिस्ट? जे हाय ते हायच की."

खरं तर ही टेस्ट आजार पसरलाय असं कळलं तेव्हाच सांगायला हवी, औषधं एकेक करून संपत आल्यावर नाही. आपल्याकडं ती उशिरा निघते, आणि त्याचं कारण पैसा आहे तेवढंच हेही आहे की ती कुणी मागत नाही. पीएसए सगळे मागतात, स्कॅनची सीडी सगळे मागतात.

(दृश्य: शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीच्या गेटवर आबांचा मुलगा)

टेस्टमध्ये बघतात काय, तर पेशीतला डीएनए रोज थोडाफार तुटत असतो आणि तो दुरुस्त करणारे काही जीन असतात, बीआरसीए1, बीआरसीए2, एटीएम, पीएएलबी2, अशी बरीच नावं. आपल्याला बीआरसीए म्हटलं की बायकांचा ब्रेस्ट कॅन्सर आठवतो, पण प्रोस्टेटमध्ये बीआरसीए2 फार महत्त्वाचा. तो बिघडला असेल तर आजार जास्त आक्रमक असतो, पण त्याच बिघाडावर नेम धरून मारणारी गोळी पण आहे, ओलापॅरिब. डॉक्टरांनी हे अर्धा तास समजावलं आणि मुलानं बाहेर येऊन आईला दोन वाक्यांत सांगितलं, तो फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, "अगं दुरुस्तीला दोन फिटर असत्यात, त्यातला एक कॅन्सरच्या पेशीत आधीच गायब हाय. ही गोळी दुसऱ्याला गेटवरच अडवती, मग ती पेशी बंद पडती. चांगल्या पेशीत पहिला फिटर हाय, तिचं भागतंय."

आम्ही ते डॉक्टरांना ऐकवलं. ते हसले, म्हणाले पुढच्या पेशंटला मी असंच सांगणार.

ओलापॅरिबला प्रोस्टेटसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली मे 2020 मध्ये, प्रोफाउंड नावाच्या ट्रायलवरून. बीआरसीए1, बीआरसीए2 किंवा एटीएममध्ये बिघाड असलेल्यांत स्कॅनवर आजार वाढायला लागलेल्या वेळेचा मध्यक, म्हंजे मधल्या माणसाचा आकडा, 7.4 महिने होता, आणि ज्यांना हार्मोन दाबणारी दुसरी गोळी दिली त्यांच्यात 3.6 महिने. म्हंजे कॅन्सर बरा होत नाही, वेळ मिळतो, हे आबांना स्पष्ट सांगितलं होतं. आणि जास्त फायदा बीआरसीएवाल्यांनाच, एटीएमवाल्यांना तेवढा दिसत नाही, त्यामुळं नुसतं 'पॉझिटिव्ह आलं' एवढ्यावर खूश व्हायचं नसतं, कुठला जीन ते विचारायचं.

बरं, आता ब्लॉक. मुलगा लॅबमध्ये अर्ज घेऊन गेला, बायोप्सीचा नंबर दिला, कपाटातून ब्लॉक निघाला, पॅक होऊन बंगळुरूला गेला. आणि काही दिवसांनी फोन आला की डीएनए पुरेसा निघत नाही, सॅम्पल फेल.

घरच्यांना वाटलं आपलंच नशीब खोटं. तसं नाही ओ. त्याच प्रोफाउंड ट्रायलमध्ये 4,047 जणांचे तुकडे तपासायला घेतले आणि निकाल लागला तो 2,792 जणांचा, साधारण 69 टक्के. मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांचे ब्लॉक होते ते. प्रोस्टेटची बायोप्सी म्हंजे सुईतून आलेली बारीक दोरी, त्यात कॅन्सर किती येईल ते आपल्या हातात नाही, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जास्त दिवस राहिला की डीएनए तुटतो, ब्लॉक जुना झाला की अजून तुटतो. हाडातली गाठ काढून द्यावी तर हाड मऊ करायला ॲसिड वापरतात आणि त्या ॲसिडमध्ये डीएनए पार खराब होतो, म्हणून टेस्टचा विचार असेल तर लॅबला आधीच सांगायचं, तुकडा निघायच्या आधी. एवढं एक वाक्य कुणी फॉर्मवर लिहिलं तरी बरंच काम होतं.

मग दुसरा रस्ता, लिक्विड बायोप्सी. नाव भारी, प्रत्यक्षात हातातून काढलेलं रक्त, खास ट्यूबमध्ये. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्तात सुटतो, तो शोधायचा. पण औषध लागू पडून आजार दबलेला असेल तर रक्तात काही सापडतच नाही आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येतो, त्यामुळं पीएसए चढत असताना, नवं औषध सुरू करायच्या आधी रक्त द्यायचं. आबांचा पीएसए चढतच होता. त्यांच्या भाषेत, "चला, त्या चढण्याचा कायतरी उपयोग झाला."

खर्चाचं बोलायलाच पाहिजे. किती जीन तपासायचे त्यावर बिल, काही हजारांपासून लाखाच्या पुढं. मुलानं सोसायटीचं कर्ज काढायची तयारी केली होती. आणि टेस्ट करून गोळी परवडणार नसेल तर काय, हा प्रश्न कोल्हापुरातच काय कुठंही पहिला येतो आणि तो चुकीचा नाही. पण बीआरसीएचा बिघाड निघाला तर काही डॉक्टर कार्बोप्लॅटिनचाही विचार करतात, ती जुनी केमो आहे आणि कितीतरी स्वस्त. म्हंजे गोळी नाही तर रिपोर्ट वाया, असं धरून चालू नका.

(दृश्य: फोनवर उघडलेली रिपोर्टची पीडीएफ)

तीन-चार आठवड्यांनी रिपोर्ट आला, बीआरसीए2 मध्ये बिघाड. खाली अजून एक ओळ होती, व्हीयूएस, म्हंजे बदल दिसतोय पण त्याचा अर्थ अजून माहीत नाही. भारतीय लोकांचा डेटा कमी असल्यानं आपल्या रिपोर्टात असल्या ओळी जास्त येतात. डॉक्टरांनी ती ओळ पेनानं खोडली, म्हणाले यावर झोप घालवायची नाही.

पण बीआरसीए2 वर मात्र नवा प्रश्न आला. हा बिघाड फक्त गाठीत आहे, का आबांना जन्मापासूनच? 2016 मध्ये पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या 692 पुरुषांचा अभ्यास छापून आला होता, त्यात 11.8 टक्के लोकांत डीएनए दुरुस्तीच्या जीनमधला बिघाड जन्मजात होता. ते कळायला साधी रक्ताची किंवा थुंकीची वेगळी टेस्ट करावी लागते. आबांचं जन्मजातच निघालं.

आणि इथं मला जे ऐकायला मिळालं ते फार विचार करायला लावणारं होतं. सुरुवातीला डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला कॅन्सर? सगळे म्हणाले न्हाई. आबांची थोरली बहीण छातीच्या गाठीनं चाळिशीत गेली होती. पण ती दिली होती निपाणीकडं, म्हणून ती 'त्या घरातली'. शिवाय पुरुषाच्या आजारात बाईचा आजार कोण मोजणार! विचारलं असतं, "आत्याला, बहिणीला, मामेबहिणीला काय झालं होतं," तर पहिल्याच दिवशी निघालं असतं. डॉक्टरांनी पण प्रश्न असाच नावं घेऊन विचारावा, असं आपलं माझं मत.

हा बिघाड प्रत्येक मुलाकडं, मुलीकडं जायची शक्यता 50 टक्के. आबांना ते ऐकून राग आला, स्वतःच्या आजाराचं कळलं तेव्हा आला नव्हता तेवढा. "म्हंजे मी पोरीला हे दिलं?" काउन्सेलर बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला पण कुणीतरी दिलंच की, त्यांना कुठं माहीत होतं." आबा त्यावर काही बोलले नाहीत.

ओलापॅरिब सुरू झालं, रोज दोनदा. पहिल्या महिन्यात मळमळ, जेवणावरची वासना गेली, हिमोग्लोबिन उतरलं, एकदा रक्त चढवावं लागलं, मग डोस कमी केला. पीएसए खाली आलाय. आबा गुऱ्हाळावर जातात पण थोडा वेळच.

मुलगी इचलकरंजीहून आली, टेस्ट करून गेली. घरातला बिघाड नेमका कुठला ते आता माहीत असल्यानं तेवढीच एक जागा तपासायची, म्हणून पैसेही कमी लागले. तिचं पॉझिटिव्ह आलं, आता कॅन्सर झालाच तर वेळीच कळावा म्हणून तिचं एमआरआय आणि सोनोग्राफीचं वेळापत्रक लागलंय, नवरा सोबत येतो. मुलगा मात्र म्हणतो सीझन झाला की जातो, कारखान्याला ऊस जाऊ दे. त्याला पण पन्नास टक्केच आहेत आणि पुरुष म्हणून प्रोस्टेटचा धोकाही त्यालाच. बायको रोज आठवण करते. आमचं शूटिंग संपलं तोवर तो गेला नव्हता.