पुढचं यान गाठायचंय? मग वेग कमी करा

(दृश्य: लढाऊ यानांचा पाठलाग)

हे यान वळताना नीट बघा. एका अंगावर झुकतं आणि नाक वळेल तिकडे निघतं. झोकदार दिसतं, पण अशा वळणाला पंखाखाली हवा लागते. अंतराळातल्या पाठलागाच्या बहुतेक गेममध्ये आपण चालवतो ते विमानच असतं. मागे फक्त तारे रंगवलेले.

(दृश्य: उलटं फिरून पुढे सरकणारं यान)

आता हे. इंजिन बंद, नाक मागे, तरी यान पुढेच चाललंय. न्यूटनचा पहिला नियम, दुसरं काही नाही. थांबायचं तर इंजिन पुढच्या दिशेला रोखून, कमावलेला सगळा वेग पुन्हा इंधन जाळूनच घालवायचा.

यात नवं काही नाही. १९६२ साली पीडीपी-१ या संगणकावर चालणाऱ्या 'स्पेसवॉर' या गेममध्ये जडत्व होतं, आणि दोन्ही यानांना ओढून घेणारा एक तारासुद्धा! १९९३च्या 'फ्रंटियर: एलिट टू'मध्येही न्यूटनचेच नियम होते. लढाईत त्यामुळे यानं एकमेकांजवळून नुसती सुसाट निघून जायची. त्याच मालिकेतल्या २०१४च्या 'एलिट डेंजरस'मध्ये वेगाला मर्यादा घातलेली आहे. असो.

(दृश्य: 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम', कक्षेचा नकाशा)

खरी गंमत 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या गेममध्ये आहे. दोन यानं, एकच कक्षा. आपलं मागे, दुसरं पुढे. नवखा खेळाडू नाक समोर धरून इंजिन पेटवतो. बघा, कक्षेची पलीकडची बाजू वर उचलली गेली. कक्षा मोठी झाली, फेरीला वेळ जास्त लागू लागला आणि पुढचं यान आणखी लांब गेलं.

जून १९६५मध्ये 'जेमिनी ४' या अमेरिकी यानातले अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी स्वतःच्याच रॉकेटचा रिकामा टप्पा गाठायचा प्रयत्न केला, तोही असाच, थेट त्याच्या रोखाने. इंधन भराभर संपू लागलं आणि नाद सोडावा लागला.

आता उलट करू. वेग थोडा कमी केला. पलीकडची बाजू खाली आली, कक्षा आखूड झाली, फेरी लवकर पुरी होतेय. एक फेरी... दुसरी फेरी... अंतर घटतंय. जवळ आल्यावर घालवलेला वेग परत मिळवायचा, म्हणजे दोन्ही यानं एकमेकांच्या हिशेबात जवळपास स्थिर होतात. मग बारीक थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, आणि इंचाइंचाने डॉकिंग, म्हणजे यानाला यान जोडणं.

(दृश्य: कर्बिन ग्रह, दुरून)

सवलती इथेही आहेत. गेममधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. त्यामुळे सेकंदाला सव्वादोन-अडीच किलोमीटर वेगात खालची कक्षा मिळते. पृथ्वीभोवती जवळजवळ आठ लागतात. शिवाय यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. ती सवलतही ज्यांना नको, त्यांच्यासाठी हौशी मंडळींनी बनवलेला 'प्रिन्सिपिया' हा मॉड, म्हणजे गेमला लावायची जोड, आहे. त्यात सगळे ग्रह-चंद्र यानाला एकदमच ओढतात.