गप्प झालेला रुग्ण

श्रोतेहो, नमस्कार. असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेला माणूस चिडला, रडला की घर धावून येतं. तोच गप्प झाला, की आपण म्हणतो, "आता त्यांनी मनानं स्वीकारलंय." एवढ्या लवकर असं मानू नका.

आधी शरीराकडे बघा. दुखणं 0 ते 10 मध्ये किती (0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे असह्य), हे त्यांनाच विचारा. तीव्र दुखण्यावर देतात त्या मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत रोज लागतं. पोट कधी साफ झालं, लघवी तुंबली आहे का, तेही पाहा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. वेळ सकाळची करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

एक-दोन दिवसांत माणूस अचानक सुस्त झाला, बोलता बोलता भरकटू लागला, सकाळी बरा आणि रात्री भलतंच बोलू लागला, तर ती निराशा नव्हे, भ्रम असू शकतो, म्हणजे शरीरातल्या बिघाडानं मेंदूचा उडालेला गोंधळ (डिलिरियम). महिने उलट्या क्रमानं म्हणायला सांगा. एरवी जमणारं आता जमत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, औषधाची मात्रा, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि बऱ्याचदा त्यावर उपाय असतो.

नैराश्य ओळखणं जास्त अवघड. भूक मरणं, थकवा, झोप न लागणं हे तर आजारानंच होतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. नातू जवळ आला तरी चेहरा खुलत नाही, "मी तुम्हाला ओझं झालोय" हेच पुन्हा पुन्हा, आणि असं दोन आठवडे चाललंय? मग सरळ विचारा: "मन सारखं खिन्न असतं का? आवडीच्या गोष्टींत रस उरलाय का?" नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून उशीर महागात पडतो.

"देवानं आता न्यावं" असं अनेक जण म्हणतात. तरीही जीव द्यायचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं ठेवू नका, औषधं कुलपात ठेवा, डॉक्टरांना लगेच सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि कृपा करून "काही होत नाही, बरे व्हाल" म्हणू नका. आजार लपवला तरी बहुतेकांना तो कळलेलाच असतो. मग ते आपल्याला जपायला गप्प बसतात. "आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ती वही ठेवा.