मागच्या चाकाचं ऐकून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

परवा सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो. शेजारच्या मोटरसायकलवरचे एक गृहस्थ वाकून माझ्या सायकलीच्या पोटात बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मालक, हे मधी पंपासारखं काय बसवलंय?" म्हटलं, शॉक ॲब्सॉर्बर. "सायकलीला?" म्हटलं, सायकलीलाच. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि माझं उत्तर तिथंच अर्धवट राहिलं. उरलेलं आज सांगतो.

फुल सस्पेन्शन सायकल म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याबरोबर, म्हणजे फोर्कबरोबर, मागच्या चाकालाही वरखाली व्हायची मुभा असलेली सायकल. मागचा त्रिकोण मुख्य फ्रेमला बिजागरीसारख्या सांध्यांनी जोडलेला असतो आणि मधे हवेचा शॉक असतो. फक्त पुढे सस्पेन्शन असेल तर ती हार्डटेल. डोंगरात चालवायच्या सायकलींचा हा नाद कॅलिफोर्नियातल्या पोरांनी लावला. १९७६ साली त्यांनी माउंट तमालपाइसजवळच्या उतारावर जुन्या जाडजूड सायकलींची शर्यत लावली. उतरेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव पडलं रीपॅक. १९९६ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. पण मागचं सस्पेन्शन वजन वाढवतं आणि पायाची ताकद खातं, म्हणून शर्यतवाले बरीच वर्षं हार्डटेललाच चिकटून होते. २०१२ला लंडनमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने फुल सस्पेन्शनवर सुवर्णपदक घेतलं, तेव्हा कुठे तो वाद थंडावला.

आता पैशाचं बोलून टाकू. धड फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या वरच जाते. "एवढ्यात बुलेट येईल की" हे वाक्य मी नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि एकदा लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाकडूनही ऐकलं आहे. खरं आहे, येईल. मला बुलेट नको होती.

बारा-तेरा हजारांतही मागे जाड लाल स्प्रिंग लावलेल्या सायकली मिळतात. तशी एक मी पूर्वी घेतली होती, दुकानाचं नाव घेत नाही. सीटवर बसून दोन हिसके दिले, मागचं टोक छान खालीवर झालं, मी खूष. त्या स्प्रिंगला आवर घालणारं आत काहीच नव्हतं. खड्ड्यात दबायची ती तशीच उसळून वर यायची आणि मला पुढे हँडलवर टाकायची. चढावर पॅडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंग दाबण्यात जायचा. वर्षभरात सांध्यातले बुश झिजले आणि मागचं चाक कुत्र्याच्या शेपटीसारखं हलायला लागलं. स्प्रिंग दबण्यात काही कौतुक नाही, श्रोतेहो. दबल्यावर ती किती सावकाश परत येते, त्याचेच पैसे मोजायचे असतात. त्याला रीबाउंड म्हणतात आणि चांगल्या शॉकवर तो कमीजास्त करायला छोटी लाल खिट्टी असते.

तर यंदा ठरवलं, चालवून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. आणि चालवायच्या आधी स्वतःला विचारायचं, आपण रविवारी जातो कुठे?

मी जातो हिप्परग्याच्या तलावाकडे आणि तिथून मागच्या माळावर. आपला माळ आपल्याला माहीत आहे. वर मुरूम, खाली काळा पाषाण, मधे कोरडे नाले. नाल्यात डोक्याएवढे दगड. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या वीतभर खोल चाकोऱ्या, त्या उन्हाने विटेसारख्या पक्क्या होतात. पाऊस पडला की काळी माती चाकाला अशी लपेटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि तेव्हा वजनाचा प्रत्येक किलो आठवतो. डोंगर म्हणाल तर तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाची कड, तिकडे वर्षातून दोनचारदा. नान्नजकडचा माळ फार सुंदर आहे, पण तो माळढोक पक्ष्याचा. तिथल्या अभयारण्यात चाक घालायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं.

म्हणजे माझं नव्वद टक्के चालवणं सपाटीवरचं, दगडाधोंड्यांतलं आणि पॅडल मारत राहण्याचं. व्हिडिओत परदेशी पोरं दोन पुरुष उंचीवरून उड्या टाकतात, ते बघून मात्र मी मनातल्या मनात १६० मिलिमीटर ट्रॅव्हलची सायकल घेऊन ठेवली होती. ट्रॅव्हल म्हणजे चाक किती वर उचललं जाऊ शकतं ते अंतर. शर्यतीच्या हलक्या सायकलींना ते साधारण १०० ते १२०, सगळीकडे चालणाऱ्या ट्रेल सायकलींना १२० ते १४०, आणि त्यापुढे १५०-१७० म्हणजे उताराकडे झुकलेल्या सायकली.

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलो. आधी फोन करून विचारलं होतं की सायकल मातीवर चालवू द्याल का. दोन दुकानांनी नाही म्हटलं, एक जण आधार कार्ड आणि डिपॉझिट ठेवून तयार झाला. पाठीवरच्या पिशवीत माझं हेल्मेट, माझेच बूट, माझे पॅडल, शॉकचा पंप आणि दोन लिटर पाणी. गाडीत समोरच्या आजींना वाटलं मी पंक्चरवाला आहे. पाण्याचं ओझं मुद्दाम नेलं, कारण रविवारी मी तेवढंच ओझं घेऊन बसतो आणि शॉकमधली हवा त्या वजनावर ठरते.

इथे जरा थांबतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. आपण सायकलवर नुसते बसलो तरी सस्पेन्शन थोडं दबलं पाहिजे. त्याला सॅग म्हणतात. मागे २५ ते ३० टक्के, पुढे १५ ते २० टक्के. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक काळं रबरी कडं असतं, बांगडीसारखं. ते सरकवून शॉकच्या अंगाला टेकवायचं. भिंतीला हात लावून, पूर्ण सामानासकट, हिसका न देता सायकलवर बसायचं, दोन्ही पाय पॅडलवर ठेवायचे आणि तसंच अलगद उतरायचं. कडं जिथे ढकललं गेलं तिथवर मोजायचं. माझ्या सायकलीच्या शॉकचा दांडा ४५ मिलिमीटर सरकतो आणि तेवढ्यात चाक १२० मिलिमीटर उचललं जातं. ४५ चे तीस टक्के म्हणजे साडेतेरा. कडं वीसवर गेलं तर हवा कमी, आठवर थांबलं तर जास्त.

दुकानातल्या पोराने पहिली सायकल काढून दिली ती अशीच, आधीच्या कुणा सव्वाशे किलोच्या माणसासाठी फुगवलेली असावी. कडं पाचावर. मी चौऱ्याहत्तर किलोचा, पाण्यासकट सत्त्याहत्तर. तशीच चालवली असती तर "काय दगडासारखी सायकल आहे" म्हणून नापास केली असती, आणि बिचारीचा दोष काही नव्हता. टायरचंही तेच. दुकानात डांबरी रस्त्यासाठी चाळीस पीएसआय दाबाची हवा भरून ठेवतात. मातीवर ट्यूबलेस टायरला माझ्या वजनाला पंचवीसच्या आसपास पुरतात. टायर टणक असेल तर खालच्या सस्पेन्शनचं खरंखोटं कळतच नाही. पोराला म्हटलं, हवा कमी करू का? तो म्हणाला, "काका, तुम्ही पहिलेच विचारणारे."

तीन सायकली चालवल्या आणि तिन्ही एकाच वाटेवर. साधारण दहा मिनिटांची फेरी: एक दमवणारा चढ, एक दगडी पट्टा, एक अंगावर येणारं वळण. वाट बदलली की तुलना बिघडते.

पहिली १६० ची. उतारावर तिच्यासारखी राणी नाही. दगड आले की पोटात गिळून टाकायची. पण तिच्या फोर्कचा कल फार मोकळा, म्हणजे फोर्क पुढे तिरका गेलेला, त्यामुळे चढावर सावकाश जाताना पुढचं चाक चरायला सोडलेल्या वासरासारखं इकडेतिकडे जायचं. आणि वजन. मनात घेऊन ठेवलेली सायकल मनातच ठेवली.

दुसरी १४० ची. हिच्यावर बसल्या बसल्या वाटलं, झालं, हीच. मग दगडी पट्ट्यात पॅडल दगडावर आपटलं. एकदा, दोनदा, चौथ्यांदा तर घोटा वाचला. सायकलीचा मधला, पॅडलचा आस जमिनीलगत असला की वळणावर ती छान चिकटून चालते, पण आपल्या वजनाने सस्पेन्शन दबलं की पॅडल आणखी खाली येतं. उतारावर पॅडल आडवे ठेवून उभं राहणाऱ्याला ते चालतं. नाल्यातून पॅडल मारतच निघावं लागणाऱ्या सोलापूरकराला नाही चालत.

तिसरी १२० ची, फिक्या राखाडी रंगाची, बघताक्षणी आवडावी अशी मुळीच नव्हती. हिच्यावर चढाला मी मान खाली घालून शॉककडे बघत होतो. प्रत्येक पॅडलबरोबर शॉक किती हलतो ते बघायचं. थोडा हलणारच. फार हलला की लॉक करायची खिट्टी ओढावी लागते, आणि मला सारखं खिट्टी ओढायला लावणारी सायकल नको होती. ही गप्प होती. दगडी पट्ट्यात पहिलीइतकी मऊ नाही, पण खाली काय चाललंय ते तळपायाला कळत होतं.

मापाबद्दल एक गोष्ट लगेच सांगतो. दुकानात सगळे सीटवर बसून हात पुरतात का ते बघतात. पण अवघड जागी आपण सीटवर नसतोच, पॅडलवर उभे असतो, गुडघे आणि कोपर वाकवून. तिथे सीट ते हँडल हे अंतर कामाचं नाही, पॅडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, ज्याला रीच म्हणतात, ते कामाचं. मी पाच फूट सात इंच, मीडियम आणि लार्जच्या मधे लोंबकळणारा. बसून लार्ज बरी वाटली, उभं राहिल्यावर मीडियम. मीडियम घेतली.

संध्याकाळच्या हुतात्माने परत. सायकल आठ दिवसांनी ट्रान्सपोर्टने आली.

सोलापुरात आल्यावर तिला आपल्या दोन गोष्टींशी जमवून घ्यावं लागलं. एक ऊन. हवेचा शॉक म्हणजे कोंडलेली हवा, ती तापली की दाब वाढणार. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत १८० पीएसआय भरले असतील, तर मेमध्ये ४२ अंशांत तोच काटा १९८ च्या आसपास जातो. म्हणजे थंडीत मऊ असलेली सायकल उन्हाळ्यात कडक. ऋतू बदलला की रबरी कडं पुन्हा बघायचं. दुसरी गोष्ट काटे. सराटे आणि वेडी बाभूळ. ट्यूब असेल तर हिप्परग्याच्या अलीकडेच बसायची वेळ येते. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट नावाचं दुधासारखं द्रव घालतात, ते भोकातून बाहेर येता येता गोठून भोक बुजवतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते आतल्या आत वाळतं. डब्यावर लिहिलेल्या महिन्यांवर जाऊ नका. महिन्या-दीड महिन्याने चाक कानाजवळ धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही, तर संपलं.

आवाजावरून आठवलं. माझे वडील चादरीच्या यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. बारा माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाही, ते त्यांना दारातून कळायचं. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, कानाला थोडं कमी येतं असं आम्ही समजतो. नवी सायकल आली त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. महिनाभराने एका रविवारी मी माळावरून आलो, सायकल ओट्याला टेकवली आणि पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर ते तिच्यामागे उभे. एका हाताने सीट धरून मागचं चाक जमिनीवरून बोटभर उचलायचे, सोडायचे. पुन्हा उचलायचे, सोडायचे.

म्हणाले, "मागं कुठंतरी टिक् होतंय."

मी म्हटलं, "नवी आहे, बाबा."

"नवी हाय म्हणूनच. मागसुद्धा पहिल्या महिन्यात बसतो, मग सगळे बोल्ट परत आवळायचे असतात. इथं हात लाव."

मी शॉकच्या मागच्या सांध्यावर बोट ठेवलं. त्यांनी चाक उचललं. केसाएवढी, पण बोटाला लागेल अशी एक टिचकी बसली. दुपारभर चालवून मला ती कळली नव्हती.

मी पाच नंबरची ॲलन की आणायला आत गेलो.