राशी आणि समीकरणात गोंधळ होतो? रिक्षाच्या मीटरवर बघू

नमस्कार मंडळी, ठाण्यातूनच बोलतेय, मागे हॉर्न वाजतायत ते राम मारुती रोडचे, त्याला काही इलाज नाही.

परवा ट्यूशनला गणित होतं, 'सरळ रूप द्या'. एका पठ्ठ्याने सगळं नीट केलं आणि शेवटी स्वतःच्या मनाने 'बरोबर शून्य' चिकटवून क्षची किंमत काढून मोकळा. म्हटलं, अरे हे शून्य आणलंस कुठून? तर म्हणतो, टीचर, त्याशिवाय उत्तर कसं येणार?

तर आजचा विषय तोच, राशी म्हणजे आकडे आणि क्षची नुसती मांडणी, आणि समीकरण म्हणजे मध्ये 'बरोबर'चं चिन्ह असलेली, या दोघींतला फरक. (पुस्तकात एक्स असतो, मी क्ष म्हणते, जुनी सवय.)

स्टेशनला रिक्षात बसलात. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४, आपण हिशोबाला १७ धरू. क्ष किलोमीटर गेलात तर भाडं किती? बोर्डावर बघा:

२६ + १७(क्ष − १.५)

कंस सोडवला की १७क्ष + ०.५. झाली राशी. क्षचा घात एकच आहे म्हणून रेषीय, क्षवर २ चढला की रेषीय नाही. आता हिला 'सोडवणार' काय? ती नुसती भाडं कसं ठरतं ते सांगतेय, क्ष ४ घाला, ६ घाला, ती दरवेळी वेगळा आकडा देणार. (दीडच्या आत मात्र ही चालत नाही हं, १ घातलात तर साडेसतरा येतील, रिक्षावाले काका २६च घेणार.)

आता खिशात ६० रुपयेच आहेत, कुठवर जाता येईल? इथे समीकरण आलं:

१७क्ष + ०.५ = ६०

१७क्ष = ५९.५, क्ष = ३.५. साडेतीन किलोमीटर, उतरा खाली! आता क्षला वाट्टेल ती किंमत चालत नाही, एकच उकल आहे.

हे 'बरोबर'चं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या गणितज्ञाने १५५७ मध्ये पहिल्यांदा छापलं, दोन समांतर रेघा, कारण त्याच्या मते याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत.

मार्क जातात ते इथे, नीट बघा. क्ष/२ + क्ष/३ ला सरळ रूप द्यायचंय आणि मुलं सगळ्याला ६ ने गुणून ५क्ष लिहितात. चूक! क्ष ६ घालून बघा ना, वर ३ + २ म्हणजे ५, आणि तुमच्या ५क्षचे ३०. उत्तर ५क्ष/६ आहे. पण क्ष/२ + क्ष/३ = १० असेल तर ६ ने बिनधास्त गुणा, ५क्ष = ६०, क्ष = १२. का चालतं? जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींचा तराजू आठवा, दोन्ही पारड्यांत सहापट टाकलं तर काटा हलत नाही. राशीला दुसरं पारडंच नाही, तिथे तुम्ही गुपचूप एका बाजूला सहापट माल टाकलात.

आता तुम्ही करा, मीटरवर ९४ झाले, किती किलोमीटर आलो? कमेंटमध्ये नुसतं उत्तर नको, आधी राशी लिहा, मग समीकरण.