एकुलत्या एक प्रती

गोव्यातील फोंडा, डिचोली, पेडणे या तालुक्यांतील अनेक घरांच्या कपाटांत आजही व्हीएचएस या प्रकारच्या व्हिडिओ कॅसेटी जपून ठेवलेल्या आहेत. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मुंजीची, तर एखादी देवळातल्या उत्सवात गावच्या मंडळींनी रात्रभर रंगवलेल्या नाटकाची.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची फीत असते आणि तिच्यावरचे चुंबकीय कण एका लेपाने धरून ठेवलेले असतात. हवेतला ओलावा शोषून हा लेप हळूहळू कमकुवत होतो. गोव्याच्या पावसाळ्यात त्याच्या जोडीला बुरशीही येते. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून पाहिले, तर गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पिठूळ, पांढरट डाग दिसतात. अशी कॅसेट साफ न करता व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, मुळीच घालू नये, कारण मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या आतल्या ड्रमवरील, फितीवरचे चित्र वाचणाऱ्या हेडना ती घाण चिकटते, चित्र जाते आणि पुढे लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही बुरशीची लागण होऊ शकते.

फीत तगली, तरी व्हीसीआर मिळणे कठीण झाले आहे. शेवटपर्यंत ते बनवत राहिलेल्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले.

कॅसेटनंतर आलेल्या डिस्कही निर्धोक नाहीत. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि हा फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्यावर दाबून तयार होते व नीट ठेवल्यास दीर्घकाळ टिकते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याने भरून दिलेल्या डीव्हीडीत मात्र माहिती सहसा सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन व उष्णतेने खराब होतो. कोऱ्या डिस्कची बाजारपेठही आटत चालली आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करण्याच्या ब्लू-रे (डीव्हीडीनंतरचा प्रकार) डिस्क बनवणे बंद केले.

गाजलेल्या चित्रपटांची आम्हांला फारशी चिंता वाटत नाही, कारण त्यांच्या प्रती जगभर विखुरलेल्या आहेत. गावच्या नाटकाची बहुधा एकच प्रत असते, म्हणून डिजिटल रूपांतराचा पहिला मान तिला मिळायला हवा. रूपांतरित फाइल दोन वेगवेगळ्या घरांतील हार्ड डिस्कवर ठेवावी, मूळ कॅसेट टाकून देऊ नये, आणि चित्रीकरण घरातल्या ज्येष्ठांना दाखवून रंगमंचावरील प्रत्येकाचे नाव, गाव व उत्सवाचे वर्ष त्याच वेळी लिहून घ्यावे.