कस्टम हाउसवरची ‘कसाईखाना’ पाटी

हे चित्र जरा निरखून बघा. उजवीकडे लाल डगल्यातले ब्रिटिश शिपाई, एका रांगेत, कवायतीला उभे राहावेत तसे. त्यांच्या मागे कप्तान. त्याची तलवार वर गेलीय, म्हणजे हुकूम सुटलाय. समोर निःशस्त्र माणसं रक्ताच्या थारोळ्यात. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत पुढ्यात एक कुत्रं, अगदी निवांत.

अमेरिकेतलं, तेव्हा ब्रिटिश अमलाखालचं बोस्टन, ५ मार्च १७७०. जागा, किंग स्ट्रीट.

गोळीबार झाला, पाच माणसं गेली, हे खरं. पण वेळ होती रात्री नऊची. रस्त्यावर बर्फ होता. जमावानं पहारेकऱ्याला घेरून बर्फाचे गोळे मारले होते, हातात सोटे होते. शिपायांचा कप्तान प्रेस्टन बंदुकांच्या मागे नव्हता, पुढे होता. गोळ्या झाडायचा हुकूम देणारा माणूस तिथे कशाला उभा राहील? चित्रात बर्फ नाही, सोटे नाहीत. मृतांतला क्रिस्पस अटक्स आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा. इथे सगळे चेहरे गोरेच.

आता शिपायांच्या डोक्यावर बघा. ही इमारत कस्टम हाउसची, म्हणजे राजाच्या जकातीची. तिच्यावर पाटी लावलीय ‘बुचर्स हॉल’. कसाईखाना! अशी पाटी तिथे कधीच नव्हती. पण जकातीनं पिचलेल्या बोस्टनकराला त्या दोन शब्दांपुढे अग्रलेख वाचायची गरज उरली नाही.

तांब्याच्या पत्र्यावर हे कोरलं पॉल रिव्हिअरनं. पेशानं चांदीकाम करणारा. तीन-चार आठवड्यांत चित्र विक्रीला आलं आणि घराघरांत लागलं. इतकं, की खटल्यात शिपायांचे वकील जोसाया क्विन्सी यांना ज्युरीला बजावावं लागलं, भिंतीवरची चित्रं डोक्यातून काढा. प्रेस्टन सुटला. आठ शिपायांपैकी सहा सुटले, दोघांच्या अंगठ्यांवर डाग देऊन त्यांना सोडलं.

चित्राखाली मजकूर आहे: कोरलं, छापलं आणि विकलं पॉल रिव्हिअरनं. ‘काढलं’ मात्र कुठेही नाही.

कारण मूळ चित्र हेन्री पेलम या बोस्टनच्याच चित्रकाराचं. आपली छपाई बाजारात यायच्या आधीच रिव्हिअरची आली, हे बघून त्यानं संतापून पत्र लिहिलं: भर रस्त्यात लुटावं, तसं तुम्ही मला लुटलंत.

पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं. पेलम राजाच्या बाजूनं राहिला, आणि १७७६ मध्ये त्यानं बोस्टन सोडलं.