दोरीला किती पीळ?

(सकाळ. मैदानाच्या कडेला सतरंजी, तिच्यावर उघडलेली बॅग.)

या बॅगेत धनुष्य सुटं करून ठेवलंय. मधला धातूचा दांडा म्हणजे रायझर. त्याला जोडायचे दोन लिम्ब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, वरचा आणि खालचा. पिशवीत गुंडाळलेली दोरी, नळीत बाण. लिम्बची टोकं पुढच्या बाजूला उलटी वळलेली आहेत, म्हणून हे रिकर्व्ह. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिम्पिकांत याच प्रकारात खेळले. तिथे लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीपेक्षाही लहान.

आपली तिरंदाज आठवीत शिकते. आजवर बांबूचं धनुष्य वापरलं, आज पहिल्यांदा रिकर्व्ह हातात येणार. तिला लगेच बाण सोडायचाय. सर म्हणतात, "थांब बाळा, आधी धनुष्य तुझ्या मापाचं होऊ दे."

मापाची सुरुवात तिच्या हातांपासून. ती २६ इंच ओढते. लिम्बवर २४ पौंड छापलंय, पण तो आकडा २८ इंच ओढल्यावरचा. इंचामागे साधारण दोन पौंड कमी धरायचे, म्हणजे तिच्या बोटांवर येतात जेमतेम वीस पौंड. एवढे पुरेत. नवख्या मुलांच्या हाती जड धनुष्य देणारे पाहिले की माझा जीव तुटतो. खांदा एकदा दुखावला की मूल मैदान सोडून जातं.

(दोरी, अगदी जवळून.)

आता दोरी. २५ इंची रायझर आणि आखूड लिम्ब मिळून धनुष्य झालं ६६ इंची. दुकानात दोरीही '६६ इंची' म्हणूनच मागायची, पण मोजाल तर ती तीन-चार इंचांनी आखूड भरते. तशीच हवी, कारण धनुष्याला बाक तिच्यामुळेच येतो. मोठा फास वरच्या लिम्बवर, लहान खालच्या. डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची दोरी थोडी ताणते, धक्का सोसते. जुन्या लाकडी धनुष्याची टोकं मजबूत केलेली नसतील, तर त्याला डेक्रॉनच लावा. न ताणणारी दोरी बाणाला जास्त वेग देते, पण तिचा झटका ती टोकं सोसत नाहीत.

जनकाने लावलेला पण प्रत्यंचा चढवण्याचा होता, नेमाचा प्रश्न नंतरचा. इथेही मुलीची पहिली परीक्षा हीच. पायात अडकवून वाकवलं तर लिम्ब पिळवटतो, म्हणून स्ट्रिंगर वापरायचा, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवायची वेगळी दोरी. ती पायाखाली, रायझर वर उचलायचा, धनुष्याच्या दोरीचा फास खाचेत सरकवायचा. आणि बाण न लावता ओढून सोडायचं नाही, कधीही नाही. बाणात जायची ताकद लिम्बमध्येच फुटते.

सर पट्टी लावतात. पकडीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट. ६६ इंची धनुष्याला साधारण सव्वाआठ ते पावणेनऊ इंच. आत्ता भरली आठ. दोरी परत उतरवली, एक फास काढून पीळ दिला. ज्या दिशेला सर्व्हिंगचा, म्हणजे दोरी झिजू नये म्हणून वरून दिलेला, धागा गुंडाळलाय त्याच दिशेला, नाहीतर तो सैल पडतो. एक, दोन, तीन... बोटांखाली दोरी घट्ट, गोल होत जाते. पीळ वाढला की दोरी आखूड होते, ब्रेस हाइट वाढते. परत चढवली, परत मोजली. साडेआठ.

नेमका आकडा पट्टी सांगत नाही, तो कानाने शोधायचा. बाण सुटल्यावर धनुष्य थरथरत वाजलं तर अजून दोन-तीन पीळ द्यायचे किंवा काढायचे, जिथे आवाज सगळ्यात मऊ येईल तिथे थांबायचं. नवी दोरी पहिल्या दिवशी ताणते, तेव्हा संध्याकाळी पुन्हा पट्टी लावायची.

बाणाचा नॉक, म्हणजे मागच्या टोकाची खाच, दोरीवर टक् करून बसला पाहिजे. बाण लटकवा, दोरीला बोटाने टिचकी मारा. तेवढ्याने गळून पडला तर बरोबर.

(संथ गतीत: सुटलेला बाण वळवळत जातो.)

बाण सुटतो तेव्हा माशासारखा वळवळतो. किती वळवळेल ते स्पाइनवर, म्हणजे बाण किती वाकतो त्यावर. २८ इंचांच्या टेकूंवर बाण ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००, एक इंच वाकला तर १०००. आकडा मोठा तितका बाण लवचीक. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २८ पौंडांच्या धनुष्याला ५०० चे बाण लावून मी तीन महिने डावीकडे मारत राहिलो आणि दोष देत राहिलो स्वतःच्या हाताला.

या मुलीसाठी १००० चे बाण आणलेत. १८ मीटरवर तिने पिसं लावलेले तीन बाण मारले, मग एक बिनपिसांचा. तो खाली आणि उजवीकडे लागला. खाली, म्हणजे दोरीवरची नॉकची खूण वर आहे. ती किंचित उतरवली. उजवीकडे, म्हणजे उजव्या हाताने ओढणाऱ्या मुलीला बाण जरा लवचीक पडतोय. बाण कापला की कडक होतो, पण सर मान हलवतात. "पोरगी वाढतेय. सहा महिन्यांत इंचभर जास्त ओढेल. आखूड बाण टेकायच्या आधारावरून मागे घसरला तर हातात घुसेल." त्यांनी हलकी टोकं बसवली. टोक हलकं झालं की तोच बाण जरा कडक वागतो.

पुन्हा तीन, पुन्हा एक. बिनपिसांचा बाण बाकीच्यांना येऊन टेकला.

तिने वही काढली. तारीख, दोरी ६६, ब्रेस हाइट साडेआठ, पीळ एकवीस. मग विचारलं, "सर, आता मारू?"